दोन वातींचं मडकं

“काकू, जोरात मारा ना! असं टुकटुक करत बसलात तर शाळा सुरू होईल.”

“जोरात मारलं की फुटतं, तनिष्का.”

“फुटलं तर दुसरं आणायचं. त्यात काय!”

तनिष्का शेजारच्या देसाई वहिनींची. चौथीत जाणारी, आणि जगातलं सगळं येणारी. माझी गार्गी तिच्यापेक्षा बरीच लहान, त्या जूनमध्ये पहिलीत बसणार होती. दोघी मागच्या अंगणात माझ्यासमोर उकिडव्या बसल्या होत्या. मी मडकं उपडं करून मांडीत धरलं होतं आणि त्याच्या बुडावर खिळा टेकवून बत्त्याने हलके हलके टोले देत होते. मडकं आदल्या दिवसापासून बादलीत भिजत घातलेलं, म्हणजे मऊ पडून तडकत नाही. मातीचा बारीक लाल भुगा माझ्या गाऊनवर पडत होता.

“भोक का पाडायचं?” गार्गीने विचारलं.

“सांगितलं ना मघाशी. भोकात सुती वात घट्ट बसवायची. मग मडकं लिंबाच्या रोपाशेजारी गळ्यापर्यंत पुरायचं आणि पाण्याने भरायचं. वातीतून पाणी हळूहळू झिरपतं आणि मुळांना मिळतं. आपण इथे नसलो तरी.”

“हे आजोबांनी शिकवलं तुला?”

“हो. आजोबांनी.”

मी खिळ्याकडेच बघत राहिले.

ते घर कराडचं, माझ्या सासूसासऱ्यांचं. सासऱ्यांना सगळे नाना म्हणत, सासूबाईंना माई. आम्ही तिघं पुण्यात राहायचो, मी, माझा नवरा कौस्तुभ आणि गार्गी. एप्रिलमध्ये नाना आजारी पडले, म्हणून कौस्तुभने त्यांना पुण्याच्या हॉस्पिटलात आणलं, आणि तिथेच ते गेले. त्या आठवड्यात गार्गी नगरला माझ्या माहेरी होती. दिवसकार्य होईपर्यंत आम्ही तिला तिथेच ठेवलं. मग कौस्तुभची रजा संपली, माईंना एकटं ठेवायचं नव्हतं, म्हणून मी गार्गीला घेऊन कराडला आले. तिला सांगितलं होतं की आजोबा पुण्यात हॉस्पिटलात आहेत, बाबा त्यांच्याजवळ आहे.

म्हणजे नाना नाहीत हे गार्गीला माहीत नव्हतं. आणि रविवारी कौस्तुभ गाडी घेऊन आम्हा तिघींना न्यायला येणार होता. पुण्यात पोचल्यावर ती पहिल्यांदा म्हणणार, चला हॉस्पिटलात. त्याआधी तिला सांगायला हवं होतं. ते काम माझ्याकडे आलं होतं.

सकाळीच कौस्तुभचा फोन येऊन गेला होता.

“सांगितलंस का?”

“अजून नाही.”

“वृषाली, रविवार आला.”

“मला माहितीये रविवार आला. तू सांगतोस का फोनवर?”



मी मायक्रोबायॉलॉजीत एमएस्सी केलं आहे. कुठलीही गोष्ट करायची तर आधी त्याबद्दल वाचायचं, ही माझी सवय. लहान मुलांना मृत्यूबद्दल कसं सांगावं, यावर मी मोबाइलवर सापडेल तेवढं वाचलं होतं. स्पष्ट शब्द वापरा. झोपले, देवाघरी गेले, लांब गेले असं म्हणू नका. मुलाच्या हाताला काम द्या, नजर कामात असली की ऐकणं सोपं जातं. म्हणून मडकं. नानांनी लावलेलं लिंबाचं रोप दीड महिना बंद घराच्या अंगणात वाळून गेलं असतं, हे खरं होतंच. आठवड्यातून एकदा मडकं भरायचं देसाई वहिनींनी कबूलही केलं होतं. पण माझा बेत वेगळा होता. भोक पाडायचं, मुलींना रंगवू द्यायचं, तनिष्काला घरी पाठवायचं, आणि गार्गी वात ओवत असताना सांगायचं. वाक्य तयार होतं. बाथरूममध्ये नळ सोडून मी ते म्हणून पाहिलं होतं. ‘गार्गी, आजोबांचं शरीर खूप थकलं होतं आणि ते काम करायचं थांबलं.’ नळाच्या आवाजातसुद्धा ते मला पाठ केल्यासारखं वाटलं होतं.

खिळा एकदम आत गेला.

“पडलं!” तनिष्का ओरडली. “दाखवा, दाखवा. गार्गी, बघ, आरपार दिसतंय. मला तुझा डोळा दिसतोय.”

“मला तुझा शेंबूड दिसतोय.”

“काकू, बघा ही!”

मी मडकं धुऊन उन्हात ठेवलं. मे महिन्यातलं ऊन, पाच मिनिटांत कोरडं झालं. वाटीत गेरू कालवला, दुसरीत चुना. मडकं दह्याचं होतं. नाना दही मातीच्याच भांड्यात लावायला लावायचे, स्टीलचं दही म्हणजे आजाऱ्याचं दही, असं म्हणायचे. काठाचा एक टवका उडालेला होता.

तनिष्काने आपली बाजू आखून घेतली आणि चुन्याने मोर काढायला घेतला. गार्गी ठिपके देत होती. एकाखाली एक, नुसते ठिपके.

“हे काय? पाऊस आहे का?”

“नाही. पाणी आहे.”

“मग पाऊसच की.”

“पाऊस नाहीये. पाणी आहे.”

मला त्या दिवसांत तनिष्काच्या तोंडाची धास्ती होती. तिच्या आईने तिला घरी बजावलं होतं, गार्गीसमोर बोलायचं नाही. पण नऊ वर्षांच्या मुलीला बजावणं म्हणजे तिला आठवण करून देणं. ती बोलायला लागली की मी तिच्या ओठांकडे बघत बसायची.

“माझी आई म्हणाली,” तनिष्का मोराला पिसं काढत म्हणाली, “मी रोज येऊन बघणार झाडाकडे. नाना आजोबांचं झाड आहे, ते सुकू द्यायचं नाही. कारण ते आता—”

ती थांबली. ब्रश तसाच. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि नाटकातल्यासारखं खणखणीत म्हणाली, “ते आता पुण्याला आहेत!”

मी काही बोलणार तोच गार्गी म्हणाली, “हो, हॉस्पिटलात आहेत. बाबा आहे त्यांच्याजवळ. आई, वात कुठाय?”

“अजून करायचीये. आधी रंग होऊ दे.”

“मग कर ना. आजीकडे कापड माग. जा.”

तिने मला जवळजवळ हाकललंच. त्या दिवसांत ती अशीच वागत होती. माईंच्या मागे मागे राहायची, आजी, तू जेवलीस का म्हणून विचारायची, फोन वाजला की आधी स्वतः धावायची. मी त्याची नोंद ठेवत होते, मनातल्या मनात. भूक बरी. झोप बरी. चिकटणं वाढलंय.

“मडक्यात पाणी भरून बघू का, भोक गळतंय का?” गार्गीने विचारलं.

“बघा. पण जपून. अंगणातच थांबायचं, विहिरीकडे जायचं नाही.”

“काकू, विहिरीवर जाळी आहे,” तनिष्का म्हणाली.

“तरी.”

मी आत गेले. माई स्वयंपाकघराच्या खिडकीशी स्टुलावर बसून चवळीच्या शेंगा मोडत होत्या. कपाळावर टिकली होती. दिवसकार्यानंतर त्यांनी ती काढली होती आणि मी गार्गीला घेऊन आले त्या दिवशी पुन्हा लावली होती, कारण कौस्तुभने तसं सांगितलं होतं. नानांचा हार घातलेला फोटोही कपाटात, गोधड्यांच्या मागे गेला होता. देसाई वहिनी एकदा दारात येऊन कपाळाकडे बघत राहिल्या, तेव्हा माई म्हणाल्या होत्या, “पोरीसाठी.”

“माई, वातीला एखादा जुना सुती कपडा आहे का?”

“किती लागेल?”

“वीतभर.”

त्या उठल्या. आतून एक पांढरा तुकडा घेऊन आल्या. कापड जुनं होऊन मऊ पडलं होतं, कडेला बारीक तांबडी किनार. नानांचं धोतर. मी ते ओळखलं, त्यांनी मला ओळखताना पाहिलं.

“चालेल ना?”

“चालेल.”

“आज सांगणार आहेस?”

“हो. तनिष्का गेली की.”

“काय सांगशील?”

मी माझं वाक्य म्हणून दाखवलं. माई स्टुलावर बसल्या आणि पुन्हा शेंगा मोडायला लागल्या.

“काम करायचं थांबलं म्हणजे,” त्या म्हणाल्या, “मिक्सरसारखं.”

मी कापडाची घडी उलगडली आणि पुन्हा घातली.

“नाही, तू शिकलेली आहेस. बरोबरच असेल. मला तर कुणी काहीच सांगितलं नाही. आयसीयूच्या बाहेर बसले होते. चष्मा आणि दात माझ्या हातात दिले आणि म्हणाले, घरी चला. पुढचं सगळं बाप्यांनी बघितलं. आमच्यात बायका जात नाहीत. माझ्या आईलाही नाही माहीत, माझ्या सासूलाही नाही. जातात ते परत येतात आणि आंघोळी करतात, तेवढं आम्ही बघतो.”

इतकं त्या महिनाभरात बोलल्या नव्हत्या. मी कापड धरून उभी राहिले. तेव्हा बाहेरून तनिष्काचा आवाज आला.

“असं नको ना! सगळं पाणी जाईल!”

मी खिडकीतून पाहिलं.

गार्गीने मडकं उजव्या खांद्यावर घेतलं होतं, दोन्ही हातांनी काठ धरून. मडकं तिच्या डोक्याएवढं होतं, त्यामुळे मान एका बाजूला कलली होती. भोकातून पाण्याची बारीक धार तिच्या पाठीमागे पडत होती. ती लिंबाच्या रोपाभोवती चालत होती. उलट्या बाजूने, रोप डाव्या हाताला ठेवून. हळू, एकेक पाऊल टाकत. कोरड्या मातीत पाण्याची ओळ उमटत होती.

“तू माझ्या मागे ये,” ती तनिष्काला सांगत होती. “दगड घे.”

“कशाला?”

“प्रत्येक फेरीला मागून एक भोक पाडायचं.”

“वेडी आहेस का? एकच भोक पाडायचंय. काकूंनी सांगितलंय. आणि तिथे माझा मोर आहे!”

“मोरावर नको पाडू. बाजूला पाड. पाडायचंच असतं.”

शेंग मोडण्याचा आवाज थांबला होता. माई माझ्या शेजारी येऊन उभ्या होत्या.

मला काय वाटलं ते सांगता येणार नाही. काय दिसलं तेवढं सांगता येईल. तनिष्काने एक चपटा दगड उचलला, डोळे मिटून मडक्यावर ठकदिशी मारला, आणि स्वतःच किंचाळली. पाण्याच्या दोन धारा झाल्या. गार्गी थांबली नाही. तिने फेरी पुरी केली, दुसरी घेतली. फ्रॉक पाठीला चिकटला होता. तनिष्काने दगड टाकून दिला आणि आमच्या खिडकीकडे वळून ओरडली, “काकू! मी नाही केलं! तिने सांगितलं!”

मी दाराकडे धावायला हवं होतं. माझ्यासारखी बाई, जी जाळी असलेल्या विहिरीलाही भिते, ती जागची हलली नाही. हलल्या त्या माई. मागच्या दाराच्या पायऱ्या त्या रोज भिंतीला हात लावून उतरायच्या. त्या दिवशी हात न लावता उतरल्या. त्यांच्या मागून मी.

तिसरी फेरी संपत आली होती. मडकं बरंच हलकं झालं असावं. गार्गी रोपाकडे पाठ करून उभी राहिली, तोंड कुंपणाकडे. आम्ही येताना तिला दिसलो नाही. तिने डोळे घट्ट मिटले आणि दोन्ही हात सोडून दिले.

मडकं पडल्याचा आवाज आला नाही.

माईंनी ते वरचेवर झेललं होतं. पोटाशी धरून त्या मातीत गुडघ्यांवर बसल्या होत्या, पदर ओला, गेरूने माखलेला. कशा पोचल्या, कळलं नाही.

गार्गी वाट बघत उभी होती. थोड्या वेळाने, मागे न बघताच, तिने विचारलं, “फुटलं का?”

“नाही,” माई म्हणाल्या. “मी धरलंय.”

ती वळली. माईंना बघून तिचा चेहरा पडला. चोरी पकडल्यावर पडतो तसा नाही. वाढदिवसाची भेटवस्तू आधीच कुणी उघडून बघितली, तर पडतो तसा.

“तू इकडे का आलीस? तू आत होतीस ना?”

“गार्गी,” मी म्हटलं. माझा आवाज मला हवा होता तसाच आला, शांत. “हे तू कुठे बघितलंस?”

ती माझ्याकडे बघेना.

“कुठे बघितलंस, बाळा? मी रागावणार नाही.”

“आजीच्या फोनमध्ये.”

“माझ्या?” माई म्हणाल्या.

“हो. मी माऊचा व्हिडिओ शोधत होते तर तो आला. पंकजकाकाने पाठवलाय. बाबा आहे त्यात. आजोबा पण आहेत.”

तेव्हा मला आठवलं. कौस्तुभची बहीण मेधाताई मेलबर्नला असते, तिला येता आलं नाही. तिच्यासाठी चुलतदीर पंकजने स्मशानात व्हिडिओ काढून घराच्या ग्रुपवर टाकला होता. माझ्याही फोनमध्ये तो होता. मी उघडला नव्हता. माईंना तर तो आहे हेच माहीत नव्हतं. महिनाभर त्या तो कमरेला पिशवीत खोचून फिरत होत्या.

“कधी बघितलास?”

“आलो तेव्हा. पहिल्यांदा.”

“मग इतके दिवस मला सांगितलं का नाहीस?”

गार्गीने तनिष्काकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मग आवाज इतका खाली आणला की मला वाकावं लागलं.

“तुम्हाला माहीतच नव्हतं ना,” ती म्हणाली. “त्यात सगळे होते. बाबा, पंकजकाका, देसाईकाका, सगळे काका. तू नव्हतीस. आजी पण नव्हती. आणि तुम्ही रोज म्हणायचात, आजोबा हॉस्पिटलात आहेत. मला वाटलं तुम्हाला कुणी सांगितलंच नाही.”

तनिष्काचं तोंड उघडं राहिलं होतं. पहिल्यांदाच त्यातून काही आलं नाही.

“बाबा रविवारी येणार, मग कळणारच,” गार्गी म्हणाली. “म्हणून मी तोपर्यंत नाही बोलले. आजी रडली असती.”

मी माझं वाक्य शोधलं. ते जागेवर होतं, शब्द न् शब्द, आणि आता त्याचा काही उपयोग नव्हता. माईंचा हात कपाळापर्यंत गेला, टिकलीपाशी थांबला आणि खाली आला. मग त्यांनी मडकं मांडीत फिरवून पाहिलं.

“दोन भोकं झाली,” त्या म्हणाल्या. “आता दोन वाती लागतील. वृषाली, कापड आण.”

ते माझ्या मुठीतच होतं. मी दिलं. माईंनी ते दातांनी फाडून त्याचे दोन भाग केले, साडी थोडी वर घेऊन पोटरीवर पहिली वात वळली. देवापुढच्या वाती त्यांनी त्या महिन्यात वळल्या नव्हत्या, विकतच्या आणत होतो.

“इकडे ये,” त्या गार्गीला म्हणाल्या. “हे टोक धर. घट्ट.”

गार्गी त्यांच्या गुडघ्याला टेकून बसली.

“तू रडणार आहेस?”

“रडेन. पण आधी काम करू. तनिष्का, तू घरी जा, बाळ. तुझा मोर छान झालाय.”

“भोक मी पाडलं म्हणून रागावलात?”

“नाही गं. ते पाडायचंच असतं, ऐकलंस ना.”

तनिष्का गेली. जाताना कुंपणापाशी दोनदा वळून बघितलं. वात भोकात शिरत नव्हती. गार्गीने जिभेने टोक ओलं करून आतून ओढलं. माईंनी दुसरी वळायला घेतली, आणि मान खाली ठेवूनच म्हणाल्या, “अंगावर काय होतं त्यांच्या?”

“पांढरं. आणि फुलं. खूप.”

“तोंड दिसत होतं?”

“थोडं. चष्मा नव्हता.”

“चष्मा माझ्याकडे आहे.” वात वळून झाली होती, तरी त्यांचा तळवा पोटरीवर फिरत राहिला. “कौस्तुभला मडकं जड झालं होतं का?”

“हो. त्याचा हात हलत होता. सदरा पूर्ण भिजला. मग त्याने असं मागे टाकलं, आणि तोंडावर हात मारून ओरडला. मला ते नाही आवडलं. मी तिथे बंद केला.”

“बरं केलंस.”

“पण मग दुसऱ्या दिवशी पुढचा बघितला. दाखवू का तुला? फोन आणू?”

मी माईंकडे पाहिलं. त्यांनी डोकं हलवलं.

“नको. तूच सांग.”

गार्गी आता अकरावीत आहे. तिला ती दुपार फारशी आठवत नाही. तनिष्काचा मोर आठवतो, तोही ती स्वतः काढला असं सांगते. लिंबाला फळं धरली, माईंनी नंतर तिथेच राहून त्याचं लोणचं घातलं. मडकं अजून मातीत आहे.

त्या दुपारी घरात माझा फोन वाजत होता. मी जाऊन घेतला. कौस्तुभ.

“सांगितलंस का तिला?”

खिडकीतून दोघी दिसत होत्या. माई हातांनी खड्डा उकरत होत्या. गार्गी मडकं सांभाळत बोलत होती, माई ऐकत होत्या, मधूनच हात थांबवून काहीतरी विचारत होत्या.

“सांगतेय,” मी म्हटलं. “मी नाही. ती सांगतेय माईंना.”

तिकडून तो काय म्हणाला ते मी नीट ऐकलं नाही. गार्गीचा आवाज खिडकीपर्यंत येत होता आणि ते मीही पहिल्यांदाच ऐकत होते.

“मग पंकजकाकाने फोन खाली केला. मग नुसते पाय दिसत होते.”

“कुणाचे?”

“सगळ्यांचे. बाबाचे ओले होते.”

“हं. मग?”